पोकलेनच्या केबिनमधला नकाशा

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत सुटले आहे: जंगल तोडण्याचीही एक रीत असते, ती कागदावर उतरवता येते आणि कागदावरची ती रीत थेट उतारावर पोकलेन चालवणाऱ्या माणसापर्यंत पोचवता येते. मी ती पोचलेली पाहून आले आहे आणि अजून ते डोक्यातून जात नाही.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पार पूर्वेच्या अंगाला, गिझबर्न नावाचं बंदराचं शहर आहे. माझा मामेभाऊ तिथल्या लाकूडतोडीच्या एका ठेकेदाराकडे पर्यावरणाची बाजू सांभाळतो. ठेकेदाराकडे पर्यावरणासाठी वेगळा माणूस! मला मुळात इथपासूनच नवल. मग तो मला डोंगरात घेऊन गेला आणि नवलाला अंतच राहिला नाही.

आधी तो डोंगर समजून घ्यायला हवा. खडक म्हणावा तर चिखल आणि चिखल म्हणावा तर खडक, असा ठिसूळ भुसभुशीत प्रकार. जुनं देशी रान तोडून तिथे मेंढ्यांसाठी कुरणं केली गेली. १९८८च्या मार्चमध्ये बोला नावाचं चक्रीवादळ आलं आणि ती कुरणं डोंगरासकट घसरली. माती धरून ठेवायला झाडं हवीत म्हणून सरकारने १९९२पासून अनुदान देऊन लागवड करून घेतली. लावला तो मुख्यतः रेडिआटा पाइन, मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, साधारण २८ वर्षांत तोडीला येणारा. म्हणजे डोंगर वाचवायला लावलेली झाडंच एक दिवस तोडायची वेळ आली. खरी मेख इथेच आहे. झाड तोडलं की जुनी मुळं हळूहळू कुजतात आणि नव्या रोपांची मुळं पकड घ्यायला काही वर्षं घेतात. तेवढी वर्षं उतार उघडा. २०१८च्या जूनमध्ये नेमका अशा उतारांवर धुवाधार पाऊस कोसळला आणि डोंगरात सोडून दिलेले ओंडके, फांद्या, शेंडे सगळं नदीतून वाहत टोलागा बेच्या किनाऱ्यावर येऊन पडलं. कंपन्यांवर खटले चालले, दंड झाले. २०२३च्या फेब्रुवारीत गॅब्रिएल वादळाने पुन्हा तेच दाखवलं, तेव्हा सरकारने हेकिया पराटा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. मामेभाऊ हे सगळं सांगत होता आणि मध्येच मालवणीत म्हणाला, “ताई, झाडां परत रुजतत, गेलेली माती परत येणा नाय.”

आणि मग त्याने मला तो नकाशा दाखवला.

पोकलेनच्या केबिनमध्ये, चालवणाऱ्याच्या उजव्या हाताशी, प्लास्टिकमध्ये घातलेला. त्यावर प्रत्येक ओहोळ आहे. ३ मीटरपेक्षा अरुंद बारमाही ओहोळ असेल तर काठापासून ५ मीटर आणि त्याहून रुंद असेल तर १० मीटर यंत्राने जायचं नाही, तो पट्टा आखलेला आहे. ओंडके ओढून आणून रचायची सपाट जागा कुठे, रस्त्याखाली मोरी कुठे आणि तिच्या नळाचा व्यास किती, रस्त्याकडेचं पाणी कुठल्या चरातून बाहेर काढायचं, त्यातला गाळ अडवणारा खड्डा कुठे, डिझेल भरायचं कुठे, तेल सांडलं तर ते टिपायचं साहित्य कुठे ठेवलंय. हे सगळं एका पानावर! मी ते पान हातात घेऊन समोरच्या उतारावर एकेक खूण जुळवत बसले. सगळ्या सापडल्या. ओहोळाकाठच्या झाडांना रंगीत फिती बांधलेल्या होत्या, अगदी नकाशातल्या रेषेवर.

हा नकाशा म्हणजे एका मोठ्या व्यवस्थेचं शेवटचं टोक. तिचं नाव पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली. आयएसओ १४००१ हे त्यासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक १९९६मध्ये आलं, २०१५मध्ये त्यात मोठी सुधारणा झाली. त्याची मागणी ऐकायला साधी आहे: तुमच्या कामातली कुठली कुठली गोष्ट निसर्गाला धक्का लावते ते लिहा, कायदा काय म्हणतो ते बघा, कोणी काय करायचं ते ठरवा, माणसांना शिकवा, तपासा, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा आणि वरिष्ठांनी ठरावीक काळाने हे सगळं पुन्हा उघडून बघा. कारखान्यात हे जमतं, कारण कारखाना जागचा हलत नाही. जंगलतोडीत कामाची जागाच सतत सरकत असते. रस्ता काढणारा एक, तोडणारा दुसरा, ओढणारा तिसरा, ट्रकवाला चौथा, आणि बहुतेक सगळे ठेक्यावरचे. कंपनीच्या कार्यालयातली सुंदर फाईल यांतल्या एकालाही दिसत नाही. म्हणून या लोकांनी काय केलं? काम सुरू होण्याआधी सगळ्यांना जागेवरच बोलवायचं. नकाशा बॉनेटवर पसरायचा, मग उठून ओहोळापर्यंत चालत जायचं, फिती बघायच्या, प्रश्न विचारायचे आणि त्यानंतरच सही करायची. सही आधी नाही! मला ही बैठक बघायला मिळाली आणि खरं सांगते, एवढं लक्ष देऊन ऐकणारी माणसं मी सेमिनारमध्येही पाहिलेली नाहीत.

याच्या पाठीशी देशाचा नियमही आहे. १ मे २०१८पासून लागवडीच्या जंगलांसाठी राष्ट्रीय पर्यावरण मानकं लागू झाली, २०२३मध्ये ती आणखी विस्तारली. धूप होण्याच्या धोक्यानुसार देशभरची जमीन हिरवी, पिवळी, नारिंगी, लाल अशी विभागली आहे आणि रंगाप्रमाणे बंधनं वाढत जातात. तोड सुरू करायची तर स्थानिक परिषदेला किमान २० कामाचे दिवस आधी कळवायचं. वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढेल तिथे फांद्या-शेंडे टाकायचे नाहीत. ओंडके रचायच्या जागेच्या कडेला फांद्यांचे जे प्रचंड ढीग साठतात त्यांना तिथली माणसं ‘बर्ड्‌सनेस्ट’ म्हणतात. पावसात भिजून जड झालेला असा ढीग सुटला की खालचं सगळं घेऊन जातो. म्हणून ढीग कडेवरून मागे ओढायचे, त्याखाली पाणी साचू द्यायचं नाही, आणि मोठा पाऊस झाला की मोऱ्या, चर, खड्डे, ढीग सगळं फिरून बघायचं. नोंद करायची. फोटो काढायचा.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. ठेकेदाराला पैसे मिळतात टनावर. पाऊस लागला म्हणून यंत्र थांबवलं तर नुकसान त्याचं. मग कोण थांबवेल? माझ्या मते सगळी व्यवस्था या एका प्रश्नावर तरते किंवा बुडते. मामेभावाच्या ठेकेदाराने त्याचं उत्तर करारात लिहून घेतलं आहे: ओल्या दिवसांत काम थांबलं तर यंत्रांचा खर्च कसा भरून द्यायचा ते आधीच ठरलेलं. त्यामुळे पोकलेनवाला निर्धास्तपणे म्हणू शकतो, आज नाही.

आणि कारेआरेआ! हा न्यूझीलंडचा देशी ससाणा. तोडलेल्या पाइनच्या मोकळ्या जागेत हा पक्षी चक्क जमिनीवर अंडी घालतो आणि जवळ येणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतो. झेप आली की कामगारांनी ओळखायचं, घरटं जवळ आहे. तिथलं काम थांबवायचं, जागा नकाशावर टाकायची. खोदताना माओरींच्या जुन्या वस्तीच्या खुणा सापडल्या तरी तसंच, आधी थांबायचं आणि मग कळवायचं. तोडणाऱ्या माणसाच्या कामातच राखणंही बसवलंय, हे बघताना मी हरखून गेले.

मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे खासगी रानांची तोड मी लहानपणापासून बघते. जेसीबी सरळ उताराने रस्ता काढतो, व्हाळातूनच, म्हणजे ओहोळातूनच, गाड्या जातात आणि जूनच्या पहिल्या पावसात व्हाळ तांबडा होऊन वाहतो. १९६४चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे, पण परवानगीची जी बोलणी माझ्या कानावर पडली ती झाडं किती आणि कुठल्या जातीची याभोवतीच फिरणारी. लिहिण्याची सवय मात्र आपल्याला नक्की आहे. ओंडक्यावर हातोड्याची छाप, कूपाची नोंदवही, वाहतुकीचा पास, लाकडाचा हिशेब आपण पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो आहोत. १९४७मध्ये बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, ठेकेदारांच्या हातातलं काम कामगारांच्या हाती यावं म्हणून. १९७४पासून वन विकास महामंडळ आहे. लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्या या हातांना माती-पाण्याचा हिशेब का जमणार नाही? जमेल, याची मला खात्री आहे.

म्हणून महामंडळाला, जंगल कामगार संस्थांना, रान विकणाऱ्या मालकांना आणि ते घेणाऱ्या ठेकेदारांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या तोडीच्या कराराला एका पानाचा नकाशा जोडा. त्यावर व्हाळ, रस्ता, मोरी आणि फांद्या ठेवायची जागा दाखवा. व्हाळाच्या काठच्या झाडांना फिती बांधा, जेसीबीवाल्याला तिथवर चालत नेऊन दाखवा. आणि पावसामुळे काम थांबलं तर त्या दिवसाचे पैसे कोण देणार, ते त्याच कागदावर लिहा. यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल.