मीठ चवीपुरते

आपल्या आज्यांच्या पाककृतींत एक वाक्य हमखास असायचे, ‘मीठ चवीपुरते’. आजी शेजारी उभी असेतोवर त्याने काही अडत नसे. अडते ते आजी पुण्यात, आपण मेलबर्नमध्ये आणि फोन लागत नाही तेव्हा! मंडळी, सध्या माझ्या ऑफिसात अशीच वेळ आली आहे. फक्त आजीच्या जागी मी आहे आणि स्वयंपाकघरात एक यंत्र शिरले आहे.

माझे काम पावसाच्या आकड्यांचे. हवामान खात्याचे रोजचे आकडे घ्यायचे, तपासायचे आणि कुठे किती पाऊस झाला याचे तक्ते करायचे. गेल्या अठरा वर्षांत यासाठी मी पायथन भाषेत साठेक छोट्या स्क्रिप्ट लिहिल्या. (पायथन म्हणजे अजगर नव्हे बरं का! गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी १९९१ साली ही भाषा प्रसिद्ध केली आणि ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून तिचे बारसे केले.) येत्या जूनअखेर मी निवृत्त होते आहे. हा सगळा संसार मागे राहणार, आणि तो सांभाळणार कोडिंग एजंट.

या एजंटला साध्या इंग्रजीत काम सांगायचे. तो स्वतःच फोल्डर उघडतो, फाइली वाचतो, प्रोग्रॅम लिहितो आणि चालवूनही पाहतो. हुशारीबद्दल शंकाच नाही. पण नवे काम सुरू झाले की पाटी कोरी! कालचे काही लिहून ठेवलेले नसेल, तर त्याच्या दृष्टीने काल उगवलाच नव्हता. मग वर्षानुवर्षे पारखलेली स्क्रिप्ट शेजारी पडून असली तरी तो झटकन नवी लिहितो. ती दिसते छान, उत्तरही देते. गोम असते ती बारीकसारीक गोष्टींत.

ऑस्ट्रेलियात रोजचा पाऊस सकाळी ९ वाजता मोजतात आणि आधीच्या २४ तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेला लिहितात. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅरिबर्नाँग नदीचे पाणी घरांत शिरले ते १४ तारखेला. पण १३ तारखेला सकाळी ९ नंतर पडलेला पाऊसही कागदोपत्री १४ च्याच नावावर आहे. पूर आल्यावर ‘कोणत्या दिवशी किती पडला?’ असा प्रश्न निघतो, तेव्हा हा एका दिवसाचा फरक काही लहान नसतो. दुसरी गंमत म्हणजे, काही ठिकाणी शनिवार-रविवारी मोजणी होत नाही आणि सोमवारच्या आकड्यात तीन दिवसांचा पाऊस एकत्र येतो. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे! आणि डार्विनचा पोस्टकोड ०८००. तो संख्या म्हणून वाचला की पुढचे शून्य गळते आणि उरतात नुसते ८००. या गोष्टी आम्हा चार जुन्या माणसांच्या डोक्यात पक्क्या आहेत. कागदावर कुठेच नव्हत्या.

म्हणून यंदा मी दिवाळीची साफसफाई काढली. एकसारखे काम करणाऱ्या स्क्रिप्ट एकत्र केल्या. साठाच्या बावीस झाल्या. प्रत्येकीला एकच काम आणि नावही कामावरून. ‘फायनल’, ‘न्यू फायनल’ वगैरे मंडळींना निरोप! प्रत्येक स्क्रिप्टच्या माथ्यावर चार ओळी: काय घेते, काय देते, कशाला हात लावत नाही आणि कधी वापरू नये. ‘हेल्प’ म्हटले की तिने आपली माहिती आपणच सांगावी, अशी सोय केली. तिला लागणाऱ्या लायब्ररींची यादीही आता तिच्याच पोटात असते.

सर्वांत वर ‘एजंट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवली. अशी फाइल एजंट काम सुरू करतानाच वाचतो. तिच्यात प्रत्येक स्क्रिप्टला एकच ओळ, तपशील वेगळ्या फाइलीत. सारे एकदम वाचायला दिले तर कामाची गोष्ट गर्दीत हरवते. (हे माणसांनाही लागू आहे!) शिवाय प्रत्येकीसोबत दहा दिवसांचे नमुन्याचे आकडे आणि त्यांचे बरोबर उत्तर ठेवले. बदल केला की आधी हे उत्तर जुळले पाहिजे.

पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते. कागद होते, पण रुमाल सोडून कोण बसणार? गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापून आणले, तेव्हा ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती लागले. माझे बावीस रुमाल त्यापुढे किस झाडकी पत्ती! पण आत काय आहे हे बाहेरून कळले पाहिजे, ही गरज तीच.

लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. काम ‘कसे’ होते हे एजंटला स्क्रिप्ट वाचून समजते. ते तसे ‘का’ करायचे, हे मात्र तिच्यात नसते. सकाळचे ९ का, रिकामा रकाना का सोडायचा, हे माणसानेच सांगायला हवे. म्हणून माझी निम्मी टिपणे ‘का’ या शब्दापाशी थांबतात. आमच्या ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी परवा तीच फाइल वाचत बसली होती. म्हणाली, ‘हे पहिल्याच दिवशी मिळाले असते तर!’ लिहिले होते यंत्रासाठी, उपयोगी पडले माणसाला.

आता पाच स्क्रिप्टांची टिपणे बाकी आहेत, आणि जूनही फार लांब नाही. असो. आपल्या मंडळातही कार्यकारिणी बदलते आणि गणपतीचा हॉल कधी बुक करायचा, मोदक किती सांगायचे, हे नव्यांना पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते. निवृत्तीनंतर मला वेळच वेळ आहे. जुन्या-नव्या चिटणीसांनी माझ्याकडे चहाला यावे. तुम्ही सांगा, मी लिहून घेते!