पाठ, पोट आणि पाऊस

धनुष्याला पाठ असते आणि पोट असते. तिरंदाजाकडची बाजू पोट, नेमाकडची पाठ. दोरी ओढली की पोट दाबले जाते, पाठ ताणली जाते. पोटातले तंतू चेपले तर धनुष्याला कायमचा बाक येतो. पाठीवरचा एक तंतू तुटून वर आला तर धनुष्यच मोडते. म्हणून कारागिराचे लक्ष आधी पाठीकडे.

*

आखूड धनुष्य घोड्यावर आणि झुडपांत सोयीचे. पण बाण तेवढाच ओढायचा तर त्याला फार वाकावे लागते. यावर जगात अनेक ठिकाणी एकच तोड निघाली: जनावराच्या पायाची शीर. धोंडशीर वाळवायची, कुटायची, तिचे धागे सोडवायचे आणि कातड्याच्या कोमट सरसात भिजवून पाठीवर लांबीने बसवायचे, विटांच्या थरांसारखे सांधे चुकवत. लाकूड शेकडा एकाच्या आसपास ताणले की तुटू लागते. शीर त्याच्या कित्येक पट ताणून पुन्हा जागेवर येते. शिवाय वाळताना ती आकसते आणि दोरी नसलेले धनुष्य उलट्या बाजूला खेचून धरते. तो ताणही बाणाच्या कामी येतो.

*

या सगळ्याचा वैरी पाऊस. सरस ओल पितो, मऊ पडतो, शीर ढिली होते. मोगल फौजेतल्या कमानी शिंग, लाकूड आणि शीर यांच्या. १६८२मध्ये हीच फौज नाशिकजवळ रामसेज किल्ल्याला वेढा घालून बसली आणि पाच वर्षांहून अधिक काळ तिथेच अडकली. इतके पावसाळे सरसाची कमान सांभाळणे म्हणजे रोजचीच चाकरी. हिंदुस्थानातल्या शस्त्रशाळांनी निखळ पोलादी कमानीही घडवल्या. त्यांचा बाण तितक्या वेगाने सुटत नाही, पण कोठारातल्या ओलीने त्यांचे सांधे सुटत नाहीत.

*

कळवण-बागलाणकडच्या भिल्लांचा कमठा, म्हणजे धनुष्य, बांबूचा. बांबूची चीपही दोरी म्हणून चालते. बांबूच्या भिंतीत चिवट तंतू बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. साल पाठीला ठेवली की शिरेचे काम बांबू स्वतःच करतो. सरस नाही, म्हणून सरस सुटण्याची भीती नाही. कमठा आखूड होत नाही, हे खरे. पण पायी शिकार करणाऱ्याला लांबीची अडचण कमी. पेठ-सुरगाण्याच्या पावसात टिकेल असे धनुष्य हवे, तर याहून शहाणी निवड मला दिसत नाही. याला साधे, रानटी हत्यार म्हणणाऱ्याने बांबूचा आडवा छेद एकदा भिंगाखाली पाहावा.

*

लाकडाचेच करायचे तर सह्याद्रीत धामण आहे. चिवट, लवचीक, सरळ धाग्याचे. कावडीच्या दांड्याला आणि अवजारांच्या मुठींना लोक तेच निवडतात. धनुष्यालाही ते जुन्या काळापासून वापरात आहे. पाठीला शीर लावायची, तर ती मात्र बोकडाची किंवा म्हशीचीच घ्यावी. रानातल्या हरणाला १९७२च्या कायद्याचे संरक्षण आहे आणि ते असायलाच हवे.

*

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. त्यात मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, गुणांमध्ये अद्वितीय धनुर्धर असल्याचाही गौरव आहे. राजाचा नेम दगडावर कोरला गेला. त्याचे धनुष्य तासणाऱ्याची नोंद तिथे नाही.

*

१९११मध्ये कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, शहरात आला. त्याचे धनुष्य आखूड, पाठीवर हरणाची शीर. सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याजवळ बसून लाकूड निवडण्यापासून दोरी वळण्यापर्यंतची रीत टिपून घेतली. इशी १९१६मध्ये वारला; रीत उरली.

*

आपल्याकडे हे काम इशीच्या कथेइतके उशिरा करण्याची गरज नाही. कमठा करणारी माणसे आज आहेत. बांबू कोणत्या महिन्यात तोडतात, पेर कुठे ठेवतात, पोट किती तासतात, दोरी कशी अडकवतात, हे त्यांना विचारून, मोजून, त्यांच्या नावानिशी लिहून ठेवले पाहिजे. नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयाने पुढच्या हिवाळ्यात एवढे हाती घ्यावे.