खरं लिहू की बरोबर लिहू?

नव्या शैक्षणिक धोरणात ‘क्षमता’ हा शब्द पानोपानी भेटतो. बोर्डाच्या परीक्षांनी महिनोन्‌महिन्यांची घोकंपट्टी आणि कोचिंग तपासण्यापेक्षा मुलांच्या गाभा क्षमता तपासाव्यात, असे २०२० च्या या धोरणात म्हटले आहे. आम्हा शिक्षकांना असले शब्द नवे नाहीत. १९८६ च्या धोरणातले दहा गाभाघटक आम्ही बी.एड.ला तोंडपाठ केले. मग किमान अध्ययन क्षमता आल्या, त्यानंतर अध्ययन निष्पत्ती आल्या. पाटी बदलत गेली, भिंत तीच राहिली.

पण मागच्या पालकसभेत एका आईने साधा प्रश्न विचारला, “मॅडम, केमिस्ट्रीतली क्षमता म्हणजे नेमकं काय हो? त्याने नीटला मार्क वाढतात का?” सगळे हसले. मला मात्र प्रश्नाचा पहिला भाग आवडला, कारण धोरणावरच्या प्रशिक्षणातही तो कोणी इतका सरळ विचारला नव्हता.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या मते या विषयाची क्षमता चार गोष्टींत मावते: नीट पाहणे, नीट मोजणे, जे दिसले तेच लिहिणे आणि त्यावरून जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणणे. समीकरणे, सूत्रे, आवर्त सारणी हे सगळे हवेच, पण ते पुस्तकात सापडते. या चार गोष्टी पुस्तकात सापडत नाहीत. आणि तिसरी गोष्ट तर आपण मुलांकडून काढून घेतो.

माझी भाची बारावीला दुसऱ्या शहरात शिकते. एका संध्याकाळी तिचा फोन आला. “खाला, जर्नलमध्ये खरं लिहू की बरोबर लिहू?”

प्रयोग नेहमीचाच, ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल, त्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल, ते ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून जांभळे द्रावण थेंबथेंब सोडायचे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. तिची तीन वाचने ९.९, ९.२ आणि ९.८ मिलिलिटर आली होती. आजूबाजूच्या सगळ्यांच्या वहीत मात्र ९.८, ९.८, ९.८ अशी सुंदर रांग. तिलाही तसेच ‘दुरुस्त’ करायला सांगितले होते.

मी विचारले, “दुसऱ्या वेळी काय वेगळं झालं, आठवतंय?” थोडा विचार करून ती म्हणाली, “फ्लास्क उतरवून ठेवला आणि ब्युरेट पुन्हा भरत बसले. तो बराच गार झाला होता. थेंब टाकला की रंग जातच नव्हता, म्हणून मला वाटलं, झालं.”

सगळे रसायनशास्त्र त्या चुकलेल्या ९.२ मध्येच तर होते! ही अभिक्रिया थंडीत फार सावकाश चालते. रंग रेंगाळतो आणि शेवट आला असे वाटून आपण आधीच हात आखडतो. फ्लास्क गरम असला तरी पहिले काही थेंब जरा उशिराच विरतात. पुढे अभिक्रियेतूनच मँगनीजचे आयन तयार होतात, ते तिला वेग देतात आणि मग रंग पटापट जाऊ लागतो. ‘६० ते ७० अंशांपर्यंत तापवा’ ही ओळ छापील जर्नलमध्ये असते, मुले ती उतरवतात, पण का तापवायचे ते हजारात एखाद्याला कळते. माझ्या भाचीला ते एका बिघडलेल्या वाचनाने शिकवले.

तिने तिन्ही वाचने तशीच ठेवली, दुसरे का वगळले ते खाली एका ओळीत लिहिले आणि चौथे वाचन पुन्हा घेतले. जर्नल परत आले ते त्या ओळीवर लाल रेघ मारून, गुण कापून. मी त्या शिक्षकांना फार दोष देत नाही. एका बॅचला गळक्या तोट्यांच्या मोजक्या ब्युरेट, तास अपुरा, आणि वर्षाअखेरीस निकाल लावून द्यायचा. बारावीला रसायनशास्त्राचे ७० गुण लेखी आणि ३० प्रात्यक्षिकाचे. हे ३० ‘मिळवून द्यायचे’ असतात, अशी सगळीकडे समजूत आहे. परीक्षेत कोणता क्षार येणार याची कुजबुजही आदल्या दिवशी व्हरांड्यात पोहोचलेली असते.

तरीही मनाला एक गोष्ट टोचत राहते. खोटी गवाही आपल्या दीनमध्ये मोठ्या गुनाहांत मोजली जाते. मापात कमी देणाऱ्यांविषयी तर कुरआनात स्वतंत्र सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. आपण ती वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर वाणी येतो, त्याचा तराजू येतो. ब्युरेट हेसुद्धा माप आहे आणि जर्नल ही गवाही आहे. सतरा वर्षांच्या मुलीला आपण सांगतो की दिसले ते खोड आणि दिसायला हवे होते ते लिही. हीच मुलगी उद्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कुणाच्या अब्बांच्या रक्तातली साखर मोजणार आहे, औषधाच्या कारखान्यात गोळ्यांची तपासणी करणार आहे. तिथे तिचा आकडा इतरांशी जुळला नाही तर ती काय करील? सवय आपणच लावलेली असेल.

आपल्या सभासंमेलनांत जाबिर बिन हय्यान यांचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. ‘अल-किमिया’वरून केमिस्ट्री आली, अल्कली हा शब्दही अरबीच, हे ऐकून टाळ्या पडतात. पडू द्या. पण अबू बक्र अल-राझी यांचे ‘किताबुल असरार’ पाहिले तर गूढ वाटणाऱ्या या नावाच्या ग्रंथात भट्ट्या आहेत, भांडी आहेत, पदार्थांची वर्गवारी आहे आणि काय कसे करायचे याचा तपशील आहे. अकराशे वर्षांपूर्वीचा हा माणूस कार्यशाळेत उभा राहून लिहीत होता. त्यांचा वारसा सांगणाऱ्या कितीतरी शाळांत प्रयोगशाळेची चावी मात्र हेडमास्तरांच्या कपाटात असते.

अभ्यासक्रमात क्षमता आणायची तर नवे धडे घालण्याची गरज नाही. प्रात्यक्षिकाच्या गुणांतले थोडे गुण ‘हे वाचन वेगळे का आले?’ या प्रश्नाला ठेवले तरी पुष्कळ. आणि मधूनमधून असा प्रयोग हवा ज्याचे उत्तर गाइडमध्ये नाही. हळदीचेच पाहा. जुम्म्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर सालनाचा डाग पडला, साबण लावला की तो लाल होतो. ही गोष्ट प्रत्येक अम्मीने पाहिलेली आहे आणि दहावीच्या प्रत्येक मुलाने ‘दर्शक’ हा शब्दही वाचलेला आहे. दोघांची गाठ कुणी घालून देत नाही. लाल डागावर लिंबू पिळून पाहा, पुन्हा पिवळा होईल.

यंदा मी अकरावीच्या मुलींना पाणी आणायला सांगितले. नळाचे, विहिरीचे आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या बोअरचे. सारख्या बाटल्या, सारखे पाणी. अंगाच्या साबणाचे द्रावण थेंबथेंब टाकून हलवायचे आणि मिनिटभर फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. कठीण पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरतात, त्याचा पांढुरका साका होतो, म्हणून थेंब जास्त लागतात. शाम्पू किंवा धुण्याची पावडर इथे चालत नाही, हे एका गटाला पावडर वापरून पाहिल्यावर कळले. नळाला ११ थेंब लागले. बोअरला एका गटाचे ३४ आले, दुसऱ्या गटाचे ३१. “मॅडम, आमचं चुकलं का?” “दोन्ही लिहा,” मी म्हटले. मग थेंबाचा आकार कुणाचा मोठा, बाटली कोण जोरात हलवते, यावर अर्धा तास भांडण रंगले. तेच पाणी उकळून, गार करून पाहिले तर थेंब कमी लागले.

हे आकडे एका मुलीच्या चाचांनी मशिदीत सांगितले. वुजूच्या नळांना पांढरे थर का बसतात हे तिथल्या लोकांना कित्येक वर्षे कोडे होते. विश्वस्तांनी पाणी रीतसर तपासायला पाठवले आहे. अहवाल अजून यायचा आहे. मुलींनी मात्र पावसाळ्यानंतर त्याच बोअरचे पाणी पुन्हा मोजायचे ठरवले आहे, आणि या वेळी थेंब सगळ्यांचे एकाच ड्रॉपरने.