सेक्रेटरीबाईंचं मिनिट बुक

सोसायटीच्या कमिटीवर यायला कुणी तयार नसतं. कमिटी काय करते हे विचारायला मात्र सगळे तयार असतात. आमची सोसायटी कल्याणमधली, ४० घरांची. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्थांच्या कमिटीत स्त्रियांसाठी २ जागा राखीव झाल्या. त्यांतल्या एका जागेसाठी शेजाऱ्यांनी माझं नाव सुचवलं. कारण सरळ होतं, ‘मॅडम शिक्षिका आहेत, मराठी चांगलं लिहितात, मिनिट्स लिहितील.’ उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं? वर्षभरात सेक्रेटरीचं कामही माझ्याकडे आलं.

त्याला चार वर्षं झाली. या काळात कळलेली गोष्ट अशी की सोसायटीतलं पाणी, लिफ्ट, गटार यांचे प्रश्न सोपे असतात. प्लंबर येतो, मेकॅनिक येतो, काम होतं. अवघड असतात ती माणसं. आणि त्यांच्याशी निभावून न्यायला बीएडच्या कुठल्याच पेपरात शिकवत नाहीत.

तळमजल्यावरचे एक काका लिफ्टचे पैसे देत नव्हते. ‘मी लिफ्टमध्ये पायही ठेवत नाही, पैसे कशाचे?’ ऐकायला मुद्दा बिनतोड वाटतो. पण आदर्श उपविधींत स्पष्ट आहे की लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, कुणी लिफ्ट वापरो वा न वापरो. खजिनदार दर महिन्याला जिन्यात त्यांच्याशी भांडायचे. मी उपविधीचं ते मराठी पान झेरॉक्स केलं आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. काकांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं, घडी करून ठेवलं आणि मला खिडकीपाशी नेलं. खाली ड्रेनेजचं चेंबर तुंबलेलं. ‘दोन पावसाळे झाले. कमिटीतलं कुणी बघायला आलं? वरच्यांच्या लिफ्टची काळजी, आमच्या नाकाची कुणालाच नाही.’

सांडपाण्याची सामाईक लाइन दुरुस्त करणं हे सोसायटीचंच काम. आठवड्यात चेंबर साफ झालं. काकांनी थकलेले पैसे भरले. अजूनही प्रत्येक चेकच्या मागे ते पेन्सिलने ‘निषेधासह’ असं लिहितात. मी पावती देते आणि हसते. तेही हसतात.

प्रत्येक तक्रारीच्या पोटात असं तुंबलेलं चेंबर असतंच असं नाही. काहींना नुसतं भांडायचं असतं. त्यांच्यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे, मिनिट बुक.

एका घराची ११ महिन्यांची थकबाकी झाली होती. घरमालकाचा धंदा बसला होता. कमिटीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, ‘पाणी तोडा. दोन दिवसांत पैसे येतील.’ तिघांनी माना डोलावल्या. त्या घरात दोन लहान मुलं आणि एक आजी. मी एवढंच म्हटलं, ‘ठीक आहे, ठराव लिहून घेते. सूचक कोण, अनुमोदक कोण?’ कुणी नाव द्यायला तयार होईना. मग मी सांगितलं की पाणी तोडण्याचा अधिकार उपविधी आपल्याला देतच नाहीत. वसुलीची कायदेशीर वाट आहे. आधी लेखी नोटीस, मग उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला. तो मिळाला की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वाट लांबची आहे, पण तिच्यावरून चालताना कुणाच्या घरातली बादली रिकामी राहत नाही. शेवटी हप्ते बांधून दिले. एक हप्ता येतो, एक चुकतो. अजून चालू आहे.

बैठक संपल्यावर जिन्यात त्या घराबद्दल बरंच बोलणं चाललं होतं. पाठीमागे केलेल्या अशा बोलण्याला आपल्याकडे गीबत म्हणतात. कमिटीवर आल्यापासून या शब्दाचा अर्थ मला जास्त कळला. कमिटीच्या माणसाला सगळ्यांची थकबाकी, सगळ्यांची भांडणं माहीत असतात. ती पोटात ठेवणं हे अर्धं काम आहे.

आता थोडं कडू. एका वार्षिक सभेत रमजानमधला गेटचा विषय निघाला. गेट रात्री ११ ला बंद होतं, तरावीहहून परतायला आमच्या काही मंडळींना उशीर होतो. एक सभासद उठून मोठ्या आवाजात म्हणाले, ‘तुमच्या लोकांसाठी गेट रात्रभर उघडं ठेवायचं का?’ सभागृह एकदम गप्प. माझा नववीतला मुलगा मागे खुर्च्या लावायला आलेला होता. त्यानेही ऐकलं.

मी पेन उचललं. ‘हे शब्द जसेच्या तसे मिनिट्समध्ये घेते, फ्लॅट क्रमांकासह. चालेल ना?’

‘मला तसं म्हणायचं नव्हतं.’

‘मग कसं म्हणायचं होतं ते सांगा. तसं लिहिते.’

थोडं थांबून ते म्हणाले की त्यांच्या आईची खोली गेटच्या अगदी वर आहे, लोखंडी गेट आपटलं की म्हातारी दचकून उठते. हे मी लिहिलं. गेटला रबर बसवायचं आणि ११ नंतर फक्त छोटा दरवाजा उघडायचा, असा ठराव झाला. सभा पुढे गेली. घरी आल्यावर माझे हात थरथरत होते. मुलाने पाण्याचा ग्लास दिला, बोलला काहीच नाही.

पण खरं सांगू? त्या गृहस्थांपेक्षा अवघड गेलं ते आपल्याच एका भाईजानचं प्रकरण. त्यांनी मजल्यावरच्या पॅसेजमध्ये मोठं लोखंडी कपाट ठेवलं होतं. आग लागली तर त्या मजल्यावरची चार घरं तिथेच अडकली असती. दोनदा तोंडी सांगितलं, मग लेखी नोटीस दिली. त्यांनी फोनवर विचारलं, ‘आपली असून मला नोटीस?’ मी म्हटलं, ‘नोटीस सोसायटीची आहे, भाईजान. सही तेवढी माझी.’ कपाट हललं. पण त्या वर्षी ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला नाही. मी पाठवला होता. तो धुऊन, रिकामा परत आला.

ज्या पेनाने ‘तुमच्या लोकांसाठी’ लिहून घ्यायचं, त्याच पेनाने आपल्या माणसालाही नोटीस लिहायची. दुसऱ्या वेळी हात आखडला असता, तर पहिल्या वेळच्या लिहिण्याला काय किंमत राहिली असती?

आपल्यातले पुष्कळ जण मेंटेनन्स वेळेवर भरतात, सभेला मात्र येत नाहीत. ‘कशाला वाद?’ म्हणतात. मग आपल्याबद्दलचे निर्णय आपल्यावाचून होतात आणि आपण ते घरात बसून ऐकतो. उपविधींचं पुस्तक मराठीत मिळतं. एकदा वाचा. सभेत बसा, बोला, आणि बोललेलं मिनिट्समध्ये आलं का ते तपासा.

आमची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे. नोटीस १४ दिवस आधी निघेल. भाईजानच्या दारात ती मी स्वतः नेऊन देणार आहे.