तारेतली कुजबुज

आमचं अकोल्याचं घर जुन्या शहरात. भाड्याचं, आणि भिंती दीड हात जाड. गेल्या साली माय रात्री न्हाणीत पडली आणि पुढच्या खोलीत झोपलेल्या आम्हाला ते सकाळी कळलं. बिनतारी घंटी आणून पाहिली, तीही भिंतीत गुदमरली. मोबाईल मायला नको. "बोट लावलं का भलतंच उघडते." नवी तार टाकायची तर भिंत फोडा, आणि भिंत फोडली की घरमालक आमचं डोकं फोडणार.

शेवटी विलायतेतल्या भाच्यानं 'एक्स-टेन' नावाचा जुना संच धाडला. एक डबी मायच्या प्लगात, दुसरी माझ्या उशाच्या दिव्याला. तिकडं बटण दाबलं की इकडं दिवा लागतो. मधली तार? घरातली विजेचीच! स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सनं 1975 साली ही युक्ती काढली.

आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, म्हणजे शंभरदा शून्यावर येते. (माझं बचत खातं महिन्यातून एकदाच येतं, पण तिथेच मुक्काम करतं.) त्या शून्याच्या घडीला डबी तारेत 120 किलोहर्ट्झची कुजबुज सोडते, एक मिलिसेकंदभर. कुजबुज आली तर एक, नाही आली तर शून्य. असे एक-शून्य जोडून पूर्ण हुकूम व्हायला जवळपास एक सेकंद लागतो. आमच्या काउंटरपेक्षा कितीतरी बरं. शेजाऱ्याचा दिवा लागू नये म्हणून घरांना सोळा अक्षरं, आणि प्रत्येक घरात सोळा आकडे. असे 256 पत्ते. अख्ख्या अकोल्यात आम्ही एक वापरणार!

तर मायनं बटण दाबलं. दिवा ढिम्म.

शेजारचे काका मंडळात लागले आणि 2005 नंतर कंपनीतून निवृत्त झाले. ते म्हणाले, "यात नवं काय बाप्पा? हाय टेन्शनच्या तारेवरून आम्ही असंच बोलत होतो. सबस्टेशनात तारेला ढोलासारखं कॉइल पाहिलं ना? तो वेव्ह ट्रॅप. वीज जाऊ देते, बोलणं अडवते." मग मीटरपाशी जाऊन त्यांनी निदान केलं. घरात तीन फेज. माय एका फेजवर, मी दुसऱ्या. तिची कुजबुज खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत येईतो तिच्यात जीवच उरत नव्हता. सासू-सुनेची फेज वेगळी असते हे ठाऊक होतं. माय-लेकाची प्रथमच पाहिली.

काकांनी दोन फेजांमध्ये कपॅसिटरचा पूल बांधून दिला. (तुम्ही घरी करू नका. तिथं चारशे व्होल्ट असतात.) तरी दिवा कधी लागे, कधी नाही. पोराचा मोबाईल चार्जर सिग्नल गिळतो असं निघालं. चार्जर हलवला, पोरगं दोन दिवस फुगून बसलं.

वीज गेली की हुकूमही गेला. त्यासाठी मायच्या उशाशी पितळी गडवा आणि चमचा ठेवला आहे. त्याचा आवाज, कोण जाणे कसा, भिंतीतून येतो.

आता रात्री दोनला दिवा लागतो. मी धोतर सावरत धावतो. माय बटणावर बोट ठेवून शांत बसलेली.

"लागला का रे लाईट?"

"लागला."

"मंग जाय, झोप."