बंगळूरच्या विज्ञानमंदिरांत तीन दिवस

यंदा श्रावणाच्या आरंभीं आम्ही बंगळूरास जाऊन आलों. देवदर्शन किंवा हवापालट हा हेतु नव्हता. आमच्या थोरल्या बंधूंची नात तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें जीवरसायनशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी म्हणून दाखल व्हावयाची होती, आणि तिला पोंचविण्याचें काम आमच्याकडे आलें होतें.

तें सुखासुखीं आलें नाहीं. दोन महिने घरांत खल चालला होता. थोरल्या वहिनींचें म्हणणें असें कीं, पोर एम्. एस्सी. झाली, आतां आणखी पांच-सहा वर्षें परमुलुखांत राहून काय मिळवावयाचें? आणि मग लग्न केव्हां? खरें सांगावयाचें तर आम्हींही त्यांच्याच बाजूनें मान डोलविली होती. वाद मिटविला तो आमच्या आक्कानें. आक्का आम्हां भावंडांत सर्वांत वडील; वय वर्षें ब्याऐंशी. "मुलगी जाईल, आणि मी तिच्याबरोबर जाईन," एवढेंच ती बोलली. त्यावर कोणी अवाक्षर काढिलें नाहीं. कारण सर्वांस ठाऊक होतें. १९६३ सालीं आक्का बी. एस्सी.स पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाली, तेव्हां याच संस्थेकडे पाठवावयाचा अर्ज तिनें सुवाच्य अक्षरांत लिहून ठेविला होता. वडिलांनीं तो आपल्या पेटींत ठेवून दिला. मार्गशीर्षांत तिचें लग्न झालें.

पुण्याहून निघालेली आमची गाडी मिरज, बेळगांव, हुबळी करीत दुसऱ्या दिवशीं सकाळीं यशवंतपुरास पोंचली. तेथून संस्था हांकेच्या अंतरावर, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. पण बंगळूरच्या रस्त्यांवरील गर्दींत ही हांक पोंचावयास पाऊण तास लागला! फाटकाच्या आंत शिरलों मात्र, आणि शहर मागें राहिलें. दुतर्फा गुलमोहर, महोगनी यांची गर्द छाया, आणि समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटर उंचीवरची ती गार हवा. याच झाडींत मोठ्या डोळ्यांचें, हडकुळ्या हातापायांचें एक लाजाळू माकडवर्गी जनावर राहतें व रात्रींच बाहेर पडतें असें कळलें. तेथील विद्यार्थ्यांचा दिनक्रम पाहतां त्यांचें व त्या जनावराचें बरें जमत असावें.

मुख्य इमारत करड्या दगडाची, उंच मनोऱ्याची. समोर जमशेटजी टाटांचा पुतळा आहे. जमशेटजींनीं १८९८ सालीं या संस्थेची योजना मांडली आणि मुंबईतील आपल्या १४ इमारती व ४ जमिनी तिच्यासाठीं देऊं केल्या. सरकारदरबारच्या वाटाघाटी लांबत गेल्या; १९०४ सालीं ते निवर्तले. म्हैसूर संस्थानानें ३७१ एकर जागा दिली, १९०९ सालीं संस्था स्थापन झाली, आणि पहिले विद्यार्थी आले ते १९११ च्या जुलैंत. विद्यापीठाचा दर्जा तिला १९५८ सालीं मिळाला, तरी बंगळूरची जुनी माणसें आजही तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' याच नांवानें ओळखतात.

नातीची खोली लहान, पण स्वतंत्र. पहिली खरेदी सायकलीची झाली, कारण वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत चालत जाण्यांत मुलें वेळ दवडीत नाहींत. भोजनगृहांत भात-सांबार यथेच्छ. पोळी मात्र, आमच्या मतें, पोळी म्हणण्याजोगी नव्हे. वहिनींच्या समाधानासाठीं येथेंच सांगून टाकतों कीं, संशोधक विद्यार्थ्यांस दरमहा विद्यावेतन मिळतें.

सांगलीकडची एक मुलगी तेथें पांचव्या वर्षांत आहे. तिनें आम्हांस तेथील अभ्यासाची रीत समजावून सांगितली. आरंभीं वर्गांत बसून ठराविक विषय पुरे करावयाचे, त्यांच्या परीक्षा द्यावयाच्या. मग अध्यापकांच्या मंडळासमोर एक मोठी तोंडी परीक्षा होते. तींत उतरल्यावर खरें काम सुरू. तें कधीं संपेल हें कोणी सांगूं शकत नाहीं, कारण प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें. आम्ही गेलों त्या रात्रीं अकरा वाजतां ती काचेच्या चंबूंत जंतु वाढवीत बसली होती. दर तासानें त्यांची वाढ मोजावयाची होती.

"आणि प्रयोग फसला तर?" आक्कानें विचारिलें.

"बहुतेक फसतातच, आजी. मग थोडं रडायचं, चहा प्यायचा आणि पुन्हा लावायचा."

"घरीं कळवतेस का फसला म्हणून?"

मुलगी हंसली, पण उत्तर दिलें नाहीं. आमच्या मनांत हीच गोष्ट घर करून राहिली आहे. घरच्या माणसांस पदवी कळते, परीक्षा कळते. तीन वर्षें राबून हातीं कांहीं न लागणें कळत नाहीं. अशा वेळीं आपल्या पत्रांतून व बोलण्यांतून "झालें का?" हा एकच प्रश्न जात असेल, तर त्या मुलांनीं काय करावें?

याच विभागाच्या इतिहासांत एका महाराष्ट्रीय मुलीचें नांव आहे. कमला भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.स पहिल्या आल्या. वडील व चुलते दोघेही याच संस्थेंत शिकलेले. तरीही तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं केवळ स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारिला. कमलाबाई बंगळूरास येऊन थडकल्या आणि सत्याग्रहाची भाषा बोलूं लागल्या. अखेर एक वर्ष परीक्षणार्थ, आणि त्यांच्यामुळें इतर विद्यार्थ्यांचें चित्त विचलित होऊं नये अशा अटीवर, त्यांस घेण्यांत आलें. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं दूध व कडधान्यें यांतील प्रथिनांवर काम केलें. वर्षभरांत रामन यांचें मत पालटलें व संस्थेचें दार मुलींस उघडलें. १९३९ सालीं कमलाबाईंस केंब्रिजची डॉक्टरेट मिळाली. पुढें त्या कमला सोहोनी या नांवानें प्रसिद्ध झाल्या.

आक्कास हें सारें तरुणपणापासून ठाऊक होतें. "त्यांचे वडील त्यांच्या बाजूला उभे होते," एवढेंच ती म्हणाली.

मग सांगलीच्या त्या मुलीनें तिच्या हातीं द्रव मोजून घेण्याचें नवें उपकरण दिलें. "आमच्या वेळीं तोंडानें ओढावें लागे," असें सांगत आक्कानें अंगठा दाबला, सोडला. हात कांपत होता, पण रेषेबाहेर थेंब गेला नाहीं. आम्ही दुसरीकडे पाहत राहिलों. वडिलांच्या त्या पेटीची किल्ली पुढें आमच्याकडेच होती; अर्ज आम्हीं अनेकदां पाहिला होता, आणि यंदा वहिनींच्या बाजूनें मान डोलवितांना त्याची आठवण आम्हांस झाली नव्हती असें नाहीं.

परतीच्या गाडींत वहिनींचा फोन आला. जेवणाचें कसें, सोबत कशी, आणि किती वर्षें लागतील, हें सारें त्यांनीं एका दमांत विचारिलें. आम्ही उत्तर जुळवीत होतों, तों आक्कानें फोन आपल्याकडे घेतला.

"पोळी बरी नाहीं," ती म्हणाली. "वर्षें पांच लागतील. सहाही लागतील. दर आठवड्याला विचारूं नकोस."