आधी नट, मग जॅक!

रविवार, सकाळचे सव्वासहा. बाहेर रिपरिप पाऊस, गाडीत आम्ही तिघी, डिकीत भेळेचं सामान आणि डोक्यात फक्त माळशेज. विष्णूनगरातून निघून गोखले रोडला लागतोय, तोच गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून बघितलं तर पुढचा डावा टायर पार बसलेला. त्यात हा एवढा खिळा! नौपाड्यात हल्ली हे व्हायचंच. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून टॉवर चढताहेत आणि डंपरमागून खिळे, तारा, सळयांचे तुकडे सांडत जातात.

गाडी चालवायला लागून सहा वर्षं झाली, पण चाक एकदाही बदललेलं नाही. पंक्चरवाला बदलणार, आपण मोबाइल बघणार, अशी आपली वाटणी! पण सव्वासहाला कुठला पंक्चरवाला?

नौपाड्याचं एक बरं आहे. इथे पार्किंग मिळत नाही, सल्ला मात्र लगेच मिळतो. दुधाच्या पिशव्या घेऊन चाललेले एक काका थांबले. मला वाटलं, आता पाना हातातून घेतील. कसलं काय! छत्री सावरत म्हणाले, "अगं, जॅक नंतर. आधी नट सैल कर."

लॉजिक सोप्पं आहे. चाक हवेत गेलं की पान्याबरोबर तेही फिरतं. जमिनीवर असताना रस्ता त्याला धरून ठेवतो. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, उजव्या मागच्या चाकाला विटेचा तुकडा लावला (पुनर्विकासाचा एवढा तरी फायदा!). नट घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा वळसा. हाताने हलेनात, तेव्हा पान्यावर पाय देऊन चक्क उभी राहिले. मग जॅक. दाराखालच्या पट्टीला खाच असते, तिथेच लावायचा. भलतीकडे लावलात तर पत्रा चेपतो, नाहीतर गाडी घसरते. काकांनी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवायला लावली, जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकावी म्हणून. चाक काढलं, ते खाली सरकवलं, स्टेपनी चढवली. नट आधी हाताने, मग गाडी खाली घेऊन समोरासमोरचे आलटून पालटून आवळले.

(स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लनेली गावच्या एका रस्त्याचं. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. आपण अजून त्यांच्या गल्लीचं नाव घेतोय!)

हात झटकून आम्ही टाळ्या पिटल्या. आणि स्टेपनी शांतपणे बसली. हवाच नव्हती! तीन वर्षं ती डिकीत होती, आणि तिला हवा लागते हे आमच्या गावीही नव्हतं.

काका घरून पायपंप घेऊन आले तोवर माझ्या डोळ्यांसमोर माळशेज येत होता. धुकं, एका बाजूला पाणी गळणारा कडा, दुसरीकडे दरी, मोबाइलला रेंज नाही आणि डिकीत हे बिनहवेचं चाक. पोटात गोळाच आला. इथे निदान काका होते.

टायर दुरुस्त होईस्तोवर अकरा वाजले. माळशेज कॅन्सल, त्याऐवजी गजाननचा वडापाव आणि ती पिवळी बेसनाची चटणी. खातानाच खरेदीची यादी केली. गाडीच्या सॉकेटवर चालणारा एअर पंप, टॉर्च, जाड हातमोजे, गुडघे टेकायला जुनी चटई. रिफ्लेक्टरचा लाल त्रिकोण गाडीसोबतच आला होता, प्लास्टिकसुद्धा न फाडलेला.

तुमची गाडी नवी असेल तर आधी डिकी उघडून बघाच. जुलै २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असलं की स्टेपनी द्यायची सक्ती नाही. असलीच तर कदाचित बारीक चाकाची असेल. तिच्यावर ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते. आणि हायवेवर धावत्या लेनच्या कडेला चाक बदलायची मर्दुमकी नको. सगळ्यांनी कठड्यापलीकडे उभं राहायचं आणि फोन लावायचा: राष्ट्रीय महामार्गावर १०३३, एरवी ११२.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो, तर काका दूध घेऊन परतत होते. छत्री वर करून ओरडले, "स्टेपनीत किती?"

"तेहतीस!" आम्ही तिघी एका सुरात.